बिनआवाजाचं

सालेहाभाभीनं पोलीसजीपची कळ दाबली आणि दुकानभर सायरन कोकलला. लातूरच्या गोलाई बाजारातल्या आतल्या गल्लीतलं ते खेळण्यांचं दुकान म्हणजे एक लांबट बोळच. आवाज दोन्हीकडच्या फळ्यांवर आपटून दुप्पट झाला. दारातली एक बाई दचकली, तिच्या कडेवरचं बाळ भोकाड पसरून रडायला लागलं, बाहेरच्या ऑटोवाल्यानंसुद्धा वाकून आत बघितलं. वळला नाही तो एकटा हरिओम. जीप त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर बोंबलत होती आणि तो उकिडवा बसून खालच्या फळीवरची जोडचित्रांची खोकी न्याहाळत होता. भाभीनं जीप बंद केली, गल्ल्यामागून सिंधुकडं बघितलं आणि हळूच मान हलवली, आपल्याला हे ठाऊकच होतं अशी.

"बिलकुलच ऐकू येत न्हाई का ताई त्याला?"

सिंधुला आधी प्रश्नच कळला नाही. कुणाला, असं तिनं विचारलंही असतं. पण भाभी बोलायच्या भरात होती आणि तिचा आवाज मायेनं खाली आला होता. "माझ्या नणंदेचं पोरगंबी असंच हाय. पैदाइशी. आता कानाला मशीन लावली, तर बोलून राहिलंय थोडं थोडं. तुम्ही पैल्यांदा आल्तात ना दुकानात, तवाच समजलं मला. तुम्ही बोल्लात, ह्याला आवाजाचं काई कामाचं न्हाई. कसम से, त्या दिवशी जेवण गेलं न्हाई मला. तवापासून बिनआवाजाचं काई माल आला की पैले तुमच्यासाठी बाजूला ठिवते." तिनं गल्ल्याखालून एक पिशवी काढली. आत कापडी मासे होते, चुंबकाची पाटी होती, मऊ स्पंजाचे ठोकळे होते. पिशवीवर तिनं कुणाच्याही लक्षात यावी म्हणून लाल दोरा बांधून ठेवला होता.

त्या वेळी सिंधुनं सांगायला हवं होतं. सांगणं काही अवघड नव्हतं. अहो भाभी, भलतंच काय, चांगलं ऐकू येतं माझ्या लेकराला. पण मग पुढचा प्रश्न आला असता: ऐकू येतं तर मग सायरनला वळला का नाही? आणि त्याचं उत्तर सिंधुला त्याच क्षणी लख्ख दिसलं होतं. वळला नाही, कारण आवाज करणारं खेळणं आपलं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. जे आपल्याला मिळणार नाही त्याच्याकडं मान वळवून तरी काय करायचं? दुसऱ्याच्या ताटाकडं न बघणाऱ्या शहाण्या पोरासारखा तो बसला होता. असं शहाणपण त्याला शिकवलं कुणी, हे काही भाभीला विचारायची गरज नव्हती. सिंधुचं तोंड उघडलं आणि त्यातून एकच शब्द आला.

"हाव," ती म्हणाली आणि पिशवी घेतली.

"बोलतबी न्हाई?"

सिंधुनं काहीच उत्तर दिलं नाही. भाभीनं ते न दिलेलं उत्तरही आपल्या परीनं घेतलं, हरिओमच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन, ओठ मोठे मोठे हलवत, बहिऱ्याशी बोलतात तसं म्हणाली, "फिर आना, बेटा." हरिओमला गंमत वाटली. त्यानंही ओठ तसेच मोठे हलवले, आवाज न करता. आणि भाभीचे डोळे भरून आले.

दुकानातून बाहेर पडल्यावर गोलाईचा सगळा कलकलाट सिंधुच्या अंगावर आला. भाजीवाले, हॉर्न, कुठल्याशा मोबाईलच्या दुकानासमोर लावलेला स्पीकर. आपल्या लेकराला आपण भर दुकानात बहिरं म्हणून आलो, ही गोष्ट तिच्या मनातून जाईना. साधं नाही म्हणता आलं नाही. लोकांची लेकरं आजारी असली तरी आया धडधाकट म्हणून सांगतात, आणि आपण धडधाकट लेकरू आजारी म्हणून सांगितलं, कशासाठी तर पुढचा प्रश्न नको म्हणून. हरिओम तिचं बोट धरून चालत होता. मधेच त्यानं तिचा पदर ओढला. ती खाली वाकली. तिला वाकावंच लागायचं, कारण तो बोलायचा ते कानात. भर बाजारात, जिथं माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही तिथं, त्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजत विचारलं, "मम्मी, मासे पाण्यात टाकू?" "हाव," ती म्हणाली. "मोठ्यानं बोल की रे. इथं कोण हाय?" त्यानं इकडं तिकडं बघितलं. इथं तर खूप लोक होते. त्याला काही तिचं म्हणणं पटलं नाही.

गावी, मुखेडला असता तर? मुखेडला त्यांच्या घराखालीच पिठाची गिरणी. तिच्या नवऱ्याच्या, शेषेरावांच्या वडिलांनी टाकलेली, आता शेषेराव चालवायचे. पट्टा एकदा फिरायला लागला की फरशीपासून मांडणीवरच्या वाट्यांपर्यंत सगळं घर थरथरायचं. त्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सिंधु हळू बोलायची, तर सासू म्हणायची, काय गं, तोंडात काय गूळ धरलीस का? वर्षभरात तिचा आवाजही खणखणीत झाला, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. भांडण नसलं तरी पाहुण्यांना वाटायचं इथं भांडण चालू आहे. हरिओम त्या घरघरीतच जन्मला. गिरणी चालू असली की हे पोर पाळण्यात गाढ झोपायचं, आणि लाइट गेली, पट्टा थांबला की दचकून उठायचं. रांगायला लागलं, बोलायला लागलं, तेव्हा त्याचं पहिलं धड वाक्य होतं 'लाइट आली'. लाइट आली की उघड्या पायानं ओट्यावर धावत जायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, "लाइट आलीऽऽ!" गल्लीतल्या बाया दळणाचे डबे घेऊन निघायच्या ते गिरणीच्या आवाजानं नव्हे, ह्याच्या आवाजानं. शेषेराव पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशीतून हसायचे. म्हणायचे, भोंगा ठिवलाय म्या पगारी.

तो भोंगा लातूरला आला आणि बंद पडला. थोरल्या ऋतुजाला दहावीला चांगले मार्क पडले, तेव्हा जे चारचौघं करतात तेच ह्यांनी केलं. पोरगी डॉक्टर करायची म्हणजे लातूर. आणि लातूर म्हणजे एक खोली, एक गॅस, आणि पोरीसोबत आई. बाप गावाकडं. शेजारच्या खोलीत चाकूरची आई, तिच्या पलीकडं मुदखेडची आई. सगळ्या आया दुपारी जिन्यात बसून डाळ निवडायच्या आणि बोलायच्या ते डोळ्यांनी. घरमालक सिद्धलिंगअप्पा मोठे शिस्तीचे. आपल्या इमारतीतून किती डॉक्टर बाहेर पडले हे ते देवाचं नाव घ्यावं तसं सांगायचे. जिन्यातून एक लोखंडी पाइप वरपर्यंत गेला होता. कुठं जरा आवाज झाला की अप्पा खालून त्या पाइपावर किल्ली वाजवायचे. टक टक टक. त्या इमारतीत आवाज करायची परवानगी असलेली ती एकच वस्तू होती. तीन वर्षांचं पोर पाहून अप्पांनी पहिल्याच दिवशी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. सिंधु म्हणाली होती, लई गुणाचा हाय अप्पा, आवाज यायचा न्हाई.

तरी पहिली दोन वर्षं हरिओम ओरडायचा, रडायचा, पाइप वाजायचा, पुन्हा ओरडायचा. मग ऋतुजाची बारावी झाली, नीटचा निकाल लागला, आणि सरकारी कॉलेजला नंबर लागेल एवढे मार्क काही आले नाहीत. ऋतुजा भिंतीकडं तोंड करून रडत होती. सिंधु तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि हरिओम ताटली चमच्यानं बडवत होता. ऋतुजा उसळून म्हणाली, "हे बघ! हे असं बोंबलत बसतंय वर्षभर. कसा होईल अभ्यास!" बस्स, एवढंच. त्या एका वाक्यावर सिंधुनं ऋतुजाच्या पुन्हा परीक्षेचं पुढचं सगळं वर्ष बांधलं. त्याच दुपारी तिनं ताटल्या वर ठेवल्या. बदकाच्या पोटातली शिट्टी उपसून काढली. मोटारीची बॅटरी काढली, चाकांना चिंध्या गुंडाळल्या. शेषेरावांनी जत्रेतून आणलेला लाकडी खुळखुळा होता, तो सुरीनं उकलला, आतले खडे काढून टाकले, आणि फेविकॉल लावून पुन्हा जोडला. तो वाळेपर्यंत धरून बसली. हरिओमनं हातात घेऊन हलवला, कानाशी नेला, पुन्हा हलवला. मग तिच्याकडं बघितलं. "झोपला तो," ती म्हणाली. अजून कधीकधी तो त्या खुळखुळ्यावर फडकं पांघरायचा.

मग विकत आणायचा सपाटा लागला. रंगीत माती, चिकटवायची चित्रं, ओवायचे लोकरीचे गोंडे, अक्षरांच्या स्पंजाच्या चटया. सापशिडीचा फासा गोधडीवर टाकायचा. दुकानात वस्तू उचलली की सिंधु आधी कानाशी नेऊन हलवून बघायची, लोक नारळ हलवून बघतात तशी. फरक एवढाच की वाजला तर नको. बाया म्हणायच्या, लेकराला कशाच्या तरी नादी लावावं. नादी लावायचं होतं खरं, पण नाद होऊ द्यायचा नव्हता. आणि हरिओम लागला. तास न् तास लागला. उशीवर मोटारींची टक्कर करायचा आणि तोंडाचा मोठा आ करायचा, धडाम म्हणायचा तसा, नुसता आ. चाकूरची आई म्हणायची, असं गुणी लेकरू मी बघितलं न्हाई. तेव्हा सिंधुला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं, आणि आता गोलाईच्या गर्दीतून चालताना तिला त्याच बरं वाटण्याची शिसारी आली. बालवाडीच्या वर्षाराणी मॅडमनी मागच्या आठवड्यात थांबवून घेतलं होतं. "घरी बोलतो का हो हा?" "बोलतो की!" सिंधु फणकारली होती. मॅडम म्हणाल्या, "इथं एक शब्द काढत नाही. नुसते ओठ हलवतो. पहिलीला घालायच्या आधी कुठंतरी दाखवून घ्या. असंच राहिलं तर कायमचं बसेल." तेव्हा सिंधुला मॅडमचा रागच आला होता. शहाणपणा शिकवून राहिली, एवढंच मनात आलं होतं. आज तिला दुसऱ्या बाईनं तेच सांगितलं होतं, फक्त मायेनं. आणि मायेनं सांगितलेलं टाळता येत नव्हतं.

जिना चढताना तिच्या चपलाही वाजल्या नाहीत. ती सवय तिलाही लागली होती. मुखेडहून शेषेराव पिठाची पिशवी घेऊन यायचे तेव्हा म्हणायचे, अगं काय म्हणलीस, मोठ्यानं बोल की, मला ऐकू येऊन न्हाई राहिलं. गिरणीनं त्यांचे कान थोडे गेले होते. मग ते आपले कानाला हात लावून बसायचे, बायको पुटपुटायची, पोरगं ओठ हलवायचं, आणि ते दोघांकडं बघून उगीच हसायचे. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. मागच्या खेपेला जाताना जिन्यात थांबून म्हणाले होते, "पोरगं मला वळखंना झालं का गं? भोंगा वाजंना." ती म्हणाली होती, "मोठा व्हायलाय आता तो." ते पिशवीची घडी काखेत मारून उतरून गेले होते.

खोलीत ऋतुजा दाराकडं पाठ करून टेबलाशी बसली होती. केस मोकळे, अंगाभोवती ओढणी, पुढ्यात जीवशास्त्राचं जाडजूड पुस्तक. बाहेर लख्ख दुपार होती, पण खिडकी बंद होती, कारण खिडकीतून रस्ता आत यायचा. "ऋतू," सिंधु म्हणाली. ऋतुजा हलली नाही. एरवी सिंधु पुढं जाऊन खांद्याला हात लावायची. किती मन लावून वाचते माझी पोर, असं तिला त्यात कौतुकच वाटायचं. आज ती दारातच उभी राहिली. एक सायरन तिच्या डोक्यात अजून वाजत होता. तिनं पिशवी खाली ठेवली आणि एकाएकी दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली.

ऋतुजा वळली नाही. दचकला तो हरिओम. पार अंग चोरून दचकला, घाबऱ्याघाबऱ्या तिच्यासमोर आला, आणि ओठांवर बोट ठेवून तिला म्हणाला, "शूऽऽ."

सिंधु पुढं गेली आणि तिनं पोरीचे केस बाजूला केले. कानात पांढरं बोंड होतं, बिनतारेचं. दुसऱ्या कानातही होतं. ऋतुजा दचकून मागं वळली, तिनं चटकन एक उपसून काढलं. "काय गं मम्मी!"

"गाणे ऐकून राहिलीस? आम्ही हिकडं श्वास धरून बसलोय, आन तू गाणे ऐकून राहिलीस?"

"गाणे न्हाईत."

"मग काय हाय?"

ऋतुजा ओशाळली. ते बोंड तिनं आईच्या हातात दिलं. सिंधुनं ते कानाशी नेलं, आणि तिच्या पायाखालची फरशी थरथरली असं तिला वाटलं. पट्ट्याची फटफट. जात्याची घरघर, दाणे भरडले जाताना होते तशी जाड, मग पीठ पडायला लागल्यावर बारीक. आणि त्या घरघरीतून शेषेरावांचा आवाज, त्यांचा खरा, गिरणीतला आवाज: "जवारी कुणाची हाय? बारीक का जाड?" कुणीतरी बाई लांबून ओरडली, बारीकच करा मामा. सिंधुच्या तोंडावर पीठ उडाल्यासारखं झालं. ती खाली बसली.

"पप्पांनी पाठवलंय मोबाईलवर," ऋतुजा म्हणाली. "मी मागून घेतलं. इथं लई गप गप असतंय, मम्मी. डोकं भणभणतंय माझं. दहावीचा सगळा अभ्यास म्या गिरणीवर बसून केला, तुला म्हाईत न्हाई का? ह्याच्याशिवाय ध्यानातच राहत न्हाई काई. क्लासमधल्या मैत्रिणीकडून घेतले हे. पार मागच्या दिवाळीपासून लावते."

"मग हर्या?"

"हर्याचं काय?"

"तूच तर म्हणलीस. रिझल्टच्या दिवशी. हे बोंबलतंय म्हणून अभ्यास व्हईना म्हणून."

"मी?" ऋतुजा खरोखरच आठवायला लागली. तिच्या कपाळावर आठी पडली, पुस्तकातला एखादा विसरलेला भाग आठवताना पडायची तशी. "मी कशाला म्हणू? म्हणले असंल रागात. मला तर वाटलं अप्पाच्या भ्यानं गप बसवून राहिलीस तू त्याला." आणि मग आईचा चेहरा पाहून तिचा सूर चढला. "मला एकदा इचारायचं तरी! सगळं तुझ्याच मनानं करायलीस, आन माझ्यावर ढकलायलीस!"

विचारायचं खरं. एवढ्या एवढ्याशा खोलीत, एकमेकींच्या उशाशी झोपून, विचारलं नाही. आवाज नको म्हणून विचारलं नाही. सिंधुला कडू हसू आलं. पोरीनं बापाला हळूच गिरणी मागितली, बापानं हळूच पाठवली, दोघांनी आपापलं औषध शोधून काढलं. उरलं कोण? गुणी लेकरू. ज्यानं काहीच मागितलं नाही ते. त्याला तिनं कापडी मासे आणले होते.

हरिओम मघापासून दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता. आता तो आईच्या मांडीशी आला, पांढऱ्या बोंडाकडं बोट दाखवलं, तिच्या कानात कुजबुजला, "मला?" आणि लगेच, नियम ठाऊक असलेल्या शहाण्या माणसासारखा त्यानं दुसरा प्रश्न विचारला. "आवाजाचं हाय?"

"हाव," सिंधु म्हणाली. "आवाजाचं हाय. तुझंच हाय." तिनं दोन्ही बोंडं त्याच्या कानांत बसवली.

आधी त्याला काही कळलं नाही. तो तसाच उभा राहिला, मान थोडी वाकडी करून, खुळखुळा कानाशी नेऊन ऐकायचा तसा. मग त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं पायांकडं बघितलं. एक तळवा उचलून फरशीवर ठेवला, दुसरा ठेवला. सिंधु आणि ऋतुजा बघत होत्या. कुठून तरी, पार खोलातून, पोटातून काहीतरी वर येताना दिसत होतं. त्याची छाती भरली, मानेच्या शिरा फुगल्या, आणि कानात गिरणी चालू असलेलं माणूस ज्या आवाजात बोलतं त्या आवाजात, बेंबीच्या देठापासून, हरिओम ओरडला.

"लाइट आलीऽऽ!"

केवढा मोठा आवाज होता तो. भिंतीपलीकडच्या चाकूरच्या आईच्या हातातून काहीतरी पडल्याचं ऐकू आलं. सिंधुचं सगळं अंग त्या आवाजाकडं धावलं, तिला त्याला उचलून घ्यायचं होतं, मुका घ्यायचा होता, पुन्हा म्हण, माझ्या राजा, पुन्हा म्हण म्हणायचं होतं.

पण त्या आधीच तिचा हात गेला होता. खाली पाइप वाजला नव्हता. कुणी काही म्हटलं नव्हतं. ऋतुजा "मम्मी!" म्हणून ओरडली, तेव्हा सिंधुनं बघितलं, तर तिचा उजवा हात हरिओमच्या तोंडावर घट्ट बसला होता, बोटं गालात रुतली होती, आणि ती स्वतः दाराकडं बघत होती, कुणी आलं का म्हणून.

त्यानं झटापट केली नाही. दचकलाही नाही. कानात गिरणी चालूच होती, डोळे तसेच मोठे, आनंदानं भरलेले. तो फक्त आईच्या चेहऱ्याकडं बघत होता. आणि सिंधुच्या तळहातावर त्याचे ओठ हलत होते, पुन्हा पुन्हा, तेच दोन शब्द, अगदी स्पष्ट, गुणी लेकरासारखे. आवाज नव्हता.